मामांच्या धंद्याचं नाव

कोल्हापुरात ज्यांच्या खाणावळीच्या वरच्या खोलीत राहून मी एम.ए. केलं, त्यांना कुणी 'मालक' म्हटलेलं खपत नसे. नवं गिऱ्हाईक बाकावर बसायचं आणि गल्ल्याकडे बघून हाक मारायचं, "मालक, दोन मटण ताट!" त्यावर हे गृहस्थ अगदी शांतपणे विचारायचे, "मालक कोण हितं?"

गिऱ्हाईक गोंधळायचं. "तुम्हीच की."

"मी? कशाचा? भाकरीची मालकीण ती आत चुलीम्होरं बसलीया. रस्सा तुमच्या पोटात गेला की तुमचा झाला. मी नुसता मदी उभा हाय."

कुणी 'शेठ' म्हटलं तर ते मान वळवून रस्त्याकडे बघायचे, जणू कुणी शेठ मागून येतोय. 'हॉटेलवाले' म्हटलं तर म्हणायचे, "हाटेलात माणसं झोपत्यात. हितं कोण झोपलेलं दिसतंय तुमास्नी?" आम्ही वरच्या खोल्यांतले विद्यार्थी त्यांना मामा म्हणायचो. ते मात्र त्यांना चालायचं, कारण मामा हे काही धंद्याचं नाव नव्हे.

मी गारगोटीच्या पुढच्या एका लहान गावातला. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. इंग्रजीच्या एम.ए.ला नाव घातल्यावर वळकटी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन मी मामांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा भाडं किती, अनामत किती हे विचारायचं मनात घोकत होतो. मामांनी मला तोंड उघडू दिलं नाही. त्यांनी अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, मग जीभ बाहेर काढायला लावली. उंच, वाळका माणूस, खांद्यावर पंचा, आणि बघण्याची रीत वैद्याची.

"घरची आठवण येतीया तुला," ते म्हणाले.

मी कालच घर सोडलं होतं.

"सोमवारपतोर तांबडा न्हाय मिळायचा. नुसता पांढरा. आठवणीवर तिखट घालू ने."

कोल्हापूरच्या मटणाच्या ताटात तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से येतात, एक तिखटजाळ, दुसरा नारळाच्या दुधातला सौम्य. कुणाला कोणता किती वाढायचा हे जगात सगळीकडे खाणारा ठरवतो. इथे मामा ठरवायचे. दारातून आत येणाऱ्याचा चेहरा बघून ते आत ओरडायचे, "एक ताट, तांबडा अर्धी वाटी!" एकदा एक बँकेतले साहेब याच्यावरून भडकले. म्हणाले, "पैसे मोजतोय मी. मला तांबडाच पाहिजे."

"पैसं नका देऊ. पर आरशात डोळं बगा की जरा. रातभर जागलायसा तुमी."

"मी जागेन नाहीतर झोपेन, तुम्हाला काय करायचंय?"

आतून मामींचा आवाज आला, "द्या की त्यास्नी! डाक्टर हायसा काय तुमी?"

मामांनी दिला नाही. साहेब ताट तसंच ठेवून उठून गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत. मामांना त्याचं काहीच वाटलं नाही. मामींना वाटलं. त्या दिवशी दुपारभर आतली भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजत होती.

पण मामांची खरी ओळख त्यांच्या अळणीवरून होती. मटण हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवायचं आणि मसाला पडायच्या आधी त्याचं जे पाणी निघतं, ती अळणी; नाव अळणी, पण मीठ असतं. कोल्हापूरकडे घराघरांत बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला, म्हाताऱ्या माणसाला ती देतात. मामा रोज सकाळी पहिल्या पातेल्यातली अळणी गाळून बाजूला ठेवायचे. मग गल्लीतली माणसं किटली, तांब्या, जे असेल ते घेऊन यायची. मामा विचारायचे, "कोण आजारी? काय झालंय? आज बसलं का उठून?" आणि भांडं भरून द्यायचे. त्याचे पैसे कुणी काढले तर त्याचा हात धरून खिशात परत घालायचे. ओळखीचं कुणी दवाखान्यात असल्याचं कळलं की स्वतः किटली घेऊन चालत जायचे. बरं झालेला माणूस रस्त्यात दिसला की त्याचं सगळं श्रेय ते स्वतःकडे घ्यायचे, आणि त्यात त्यांना यत्किंचितही संकोच नसायचा. डेंग्यूतून उठलेला एक रिक्षावाला खाणावळीसमोरून गेला की मामा गिऱ्हाइकांना दाखवायचे, "ह्यो बगा. ह्याला मी उभा केला."

रिक्षावाला रिक्षा न थांबवता ओरडायचा, "आनि दवाखान्याचं बिल कुणी भरलं मामा?"

"बिल त्वा भरलंस. उभा मी केला!"

असं सगळं चाललेलं असताना एक दिवस मोबाईलवर खाण्याचे व्हिडिओ करणारा एक तरुण आला. पुण्याकडचा असावा. त्याने रश्श्याच्या वाटीजवळ मोबाईल नेला, भाकरीचा पदर सोलून दाखवला आणि मग मोबाईल मामांच्या तोंडासमोर धरून म्हणाला, "तर मित्रांनो, हे आहेत इथले ओनर!"

"ओनर म्हंजे?" मामांनी मला विचारलं. मी शेजारी जेवत होतो.

"मालक," मी म्हणालो.

"मग बंद कर रं त्ये," मामा त्याला म्हणाले.

तो पोरगा बिचारा हसायला लागला. "मग काय म्हणू काका तुम्हाला?"

या प्रश्नाचं उत्तर मामांकडे नव्हतं. आयुष्यभर त्यांनी नको ती नावं फेकून दिली होती, हवं ते नाव शोधलं नव्हतं. तो मुलगा व्हिडिओ पुरा करून निघून गेला, पण मामा अस्वस्थ झाले. मी हात धुऊन निघालो तेव्हा त्यांनी मला गल्ल्याजवळ थांबवलं. "तू एवढं इंग्रजी शिकतोयस. आमच्या धंद्याच्या माणसाला खरं नाव काय हाय, बगून ये."

मला कुणी असं काम सांगितलं की मी ते जिवावर घेऊन करायचो. आमच्या घराण्यात शिकलेल्या माणसाचा उपयोग काय, हे अजून कुणाला दाखवायचं राहिलं होतं. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. आधी मराठीपासून सुरुवात केली. आमच्या शेजारच्या मराठी विभागातल्या एका सरांनी सांगितलं की दळण्याचे पैसे ते दळणावळ, दागिना घडवण्याचे ते घडणावळ, तशी खाण्याचे पैसे ती खाणावळ. पुढे पैशाचं नाव जागेलाच पडलं. मी हे मामांना येऊन सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"म्हंजे आमच्या नावातच पैसं हाय?"

"तसंच दिसतंय."

"ऱ्हाऊ दे मग. इंग्रजीत बग."

इंग्रजीत शब्द सापडला. तो मुळात फ्रेंच. 'रेस्तोरातर'. त्याच्याविषयी मी जे वाचलं त्याने मी ग्रंथालयातल्या खुर्चीत ताठ बसलो. त्या दुपारी गर्दी ओसरल्यावर मी मामांसमोर बसलो आणि वर्गात धडा समजावून सांगावा तसं सांगू लागलो. रेस्टॉरंट हे पहिल्यांदा जागेचं नाव नव्हतंच. ते एका कढणाचं नाव होतं. मांस पुष्कळ वेळ शिजवून त्याचं पाणी काढायचं आणि ते अशक्त माणसाला अंगात ताकद यावी म्हणून पाजायचं. तो शब्द ज्या फ्रेंच क्रियापदावरून आला त्याचा अर्थच होतो, खचलेल्याला पुन्हा पहिल्यासारखं उभं करणं. पॅरिसमध्ये काही लोक असं कढण करून विकायला लागले. त्यांना म्हणायचे रेस्तोरातर. मागाहून कढणाचं नाव दुकानाला लागलं, आणि दुकानात बाकीचं सगळं मिळायला लागलं.

मामा एकदम आत वळून ओरडले, "ऐकलंस काय गं? फ्रान्सात बी अळणी करत्यात!"

"तिकडं बी तुमच्यासारखी हायत म्हना की," मामी आतून म्हणाल्या.

मामांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, माझी दोन वर्षांची फी आज वसूल झाली. पण लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तू काय म्हणलास मगाशी? इकत हुतं?"

"हो. विकतच होते."

"अळणी?"

"तसलंच काहीतरी."

"आजारी माणसाला? इकत?" मामा उठून उभे राहिले. "शेजारपाजार न्हवता काय त्यांच्यात?"

मी सांगून बघितलं की ते फार मोठं शहर, माणसं लांबून आलेली, कुणी कुणाच्या ओळखीचं नाही. मामांनी ऐकून घेतलं नाही. त्या फ्रेंच लोकांचा त्यांना मनापासून राग आला होता. दुपारभर ते गिऱ्हाइकांना विचारत होते, "तुमी सांगा, आजाऱ्याला अळणी इकायची आसती काय?" गिऱ्हाइकांना काय चाललंय ते कळत नव्हतं. ती आपली "न्हाय न्हाय" म्हणून भाकरी मोडत होती.

संध्याकाळी ते जिना चढून माझ्या खोलीत आले. असे ते कधी येत नसत. खाटेच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "इकणाऱ्यांचं जाऊ दे. त्यांचं त्यास्नी लखलाभ. 'उभं करणारा', एवढं घेतो मी. तेवढं चांगलं हाय."

त्या दिवसापासून त्यांनी ते नाव लावूनच घेतलं. 'मालक' म्हणून हाक आली की आता ते नुसतं नाही म्हणून थांबत नसत. "मालक न्हवं. उभं करणारा," असं सांगायचे. तो फ्रेंच शब्द त्यांनी दोनदा म्हणून बघितला आणि सोडून दिला, अर्थ मात्र धरून ठेवला. मामींना तर रोजचं खाद्य मिळालं. "उभं करणारं, त्या कोपऱ्यात ज्वारीचं पोतं आडवं पडलंय बगा!"

मला या सगळ्याचा फार अभिमान वाटायचा. एखाद्या माणसाला त्याचं नाव मिळवून देणं ही काही लहान गोष्ट नाही, असं मी गावी आईलाही फोनवर सांगितलं होतं. आई म्हणाली होती, "बरं केलंस. पर तू जेवतोस न्हवं नीट?"

पुढच्या काही महिन्यांत आईचंच पोट दुखायला लागलं. गर्भपिशवी काढावी लागेल असं निघालं आणि कोल्हापुरातच एका दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. वडील गुरं आणि शेत सोडून येऊ शकत नव्हते. मी एकटाच होतो. ऑपरेशन नीट पार पडलं, पण आई खाईना. डबा उघडला की तिला औषधांचा वास यायचा आणि ती तोंड फिरवायची. पेज आणली, ती नको. चहा घोटभर घेतला, तो उलटून पडला. डॉक्टर म्हणाले, "आता खायला सुरुवात करायलाच पाहिजे. नाही खाल्लं तर जखम भरून यायला त्रास होईल. नुसत्या सलाईनवर किती दिवस ठेवणार?"

आईला मी हे सांगितलं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मला घरला न्हे. काय व्हायचं त्ये माज्या दारात हुंदे."

आईला मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ती पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारी बाई. तिच्या हातांना कधी स्वस्थता नसे. आता तिचा हात गादीवर ठेवला तिथेच पडून होता, आणि तिने घरी जायचा हट्ट धरला तर मी तिला कसा अडवणार होतो, मला समजत नव्हतं. मी खोलीवर कपडे घ्यायला गेलो तेव्हा मामांनी माझा चेहरा बघितला. सगळं काढून घेतलं. मग रागावले. "मला आदी का न्हाय सांगितलंस? माणूस उभं करायचं सोडून डबं कसलं नेतोयस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली औषधं आणायला गेलो होतो. वर आलो तर अख्ख्या वॉर्डात मटणाचा वास. मामा आईच्या खाटेशी उभे, एका हातात उघडी किटली, दुसऱ्या हातात वाटी. आईने पदर तोंडावर दाबून धरला होता आणि तिला उमासे येत होते.

"काय आणलंसा ह्ये?" ती पदराआडून म्हणाली. "गळ्यात माळ दिसत न्हाय व्हय तुमास्नी?"

आई लग्नाआधीपासून माळकरी. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. गावाहून कोल्हापुरात येऊन मी मटण खायला लागलो होतो, ते तिला माहीत होतं आणि तिने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता. पण ही गोष्ट वेगळी होती. मामांनी किटलीचं झाकण लावलं. ते जिन्याकडे वळले. मी मागे धावलो.

"डोळं बगितलं," ते पायऱ्या उतरता उतरता म्हणाले. "जीभ बगितली. गळा बगायचा ऱ्हायला."

"मामा, मीच सांगायला पाहिजे होतं."

"त्वा कशाला? बगायचं काम माजं." किटलीतली अळणी त्यांनी खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी पेशंटला देऊन टाकली आणि गेले. वर आई आता पाणीसुद्धा घेईना. त्या वासाने तिचं उरलंसुरलं मन उडालं होतं. दुपारी तिने मला बजावलं, "उद्याच्याला गाडी बग. मी हितं ऱ्हात न्हाय."

त्या रात्री मी दवाखान्यातच होतो, त्यामुळे खाणावळीत काय झालं ते मला मागाहून मामींनी सांगितलं. मामा घरी आले, जेवले नाहीत. मग मामींना विचारलं, "माळकरी आजारी पडल्यावर काय खात्यात गं?"

"माणसं खात्यात त्येच खात्यात," मामी म्हणाल्या. "मटण सोडून."

दुसरा दिवस बुधवार होता. कोल्हापुरात बुधवारी मटणाच्या खाणावळीला सवड नसते, आणि त्या बुधवारी मामांनी खाणावळ बंद ठेवली. बाहेर माणसं जमली. मामी दारात उभ्या राहून त्यांना परत पाठवत होत्या. कुणी विचारलं, "मामा आजारी हायत काय?" तर म्हणायच्या, "न्हाय, आज सोवळ्यात हायत." मामा मागच्या परड्यात होते. बाजारातून कोरं पातेलं आणि कोरा तांब्या आणला होता, खाणावळीतला एक चमचाही घेतला नव्हता. तीन विटा मांडून नवी चूल केली होती. हुलगे भाजून, शेजारच्या लिंगायत बाईंच्या जात्यावर दळून आणले होते आणि गूळ-सुंठ घालून त्यांचं माडगं शिजवलं होतं. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ पेज. आमच्या गावाकडे थकलेल्या माणसाला तीच देतात.

भेटायची वेळ झाली तेव्हा ते वॉर्डाच्या दारात येऊन थांबले. धुतलेले कपडे, हातात पंच्यात गुंडाळलेला तांब्या. मी आईची पिशवी भरत होतो. गाडीची वेळ मी बघून ठेवली होती, कारण सकाळपासून ती दुसरं काही बोलतच नव्हती.

"येऊ का ताई?" मामांनी दारातूनच विचारलं.

आईने पदर नाकाला लावला. मग हळूच काढला. वास सुंठीचा होता.

"काय हाय?"

"माडगं. हुलग्याचं."

आईने तांब्याकडे बघितलं. "भांडं कुठलं?"

"नवं. आज सकाळी घेतलंय. ह्याच्या आदी ह्यात काय शिजलं न्हाय."

"चूल?"

"परड्यात तीन विटा मांडल्या. घरातली न्हाय."

"पीठ?"

"शेजारीण हाय आमची, लिंगायत. तिच्या जात्यावर दळलं."

मला वाटलं आता झालं. पण मामांनी लगेच ओतलं नाही. तांब्या त्यांनी खाटेजवळच्या स्टुलावर आईच्या वाटीशेजारी ठेवला आणि दोन्ही हात तिच्यापुढे पसरले. राखेने घासून घासून ते लाल झाले होते.

"पर हात तेच हायत, ताई," ते म्हणाले. "राखंनं घासलं, लिंबू चोळलं. ह्या हातांनी मी जलमभर मटण केलंय. हे काय बाजारात नवं मिळत न्हाईत. न सांगता दिलं आसतं तर तुमास्नी कळलंबी नसतं. पर तसलं मला द्यायचं न्हाय. तुमी न्हाय म्हणलासा तर मी तांब्या घिऊन जातो, राग न्हाय."

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली होती. मी पिशवीची चेन धरून तसाच उभा होतो. आईने त्या हातांकडे बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं, जसं ती बाजारात बियाणं बघते तसं. मग ती कोपरावर जोर देऊन थोडी वर सरकली. मी धरायला गेलो तर तिने मला हाताने बाजूला केलं आणि स्टुलावरची वाटी स्वतः उचलून मामांपुढे धरली.

"मग वता की, दादा," ती म्हणाली. "गार हुतंय."